धनंजयराव गाडगीळांची जयंती नागपुरात कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे : आमच्या कॉलेजच्या अर्थशास्त्र मंडळाला १० एप्रिलला धनंजयराव गाडगीळांची जयंती करायची आहे. नागपूरशी त्यांचा संबंध काय, आणि फोटोला हार आणि एक भाषण यापलीकडे काही करता येईल का?

संबंध आधी सांगतो. गाडगीळ अर्थतज्ज्ञ. जन्म १९०१ चा, नाशिकचा, पण लहानपण आपल्या नागपुरात गेलं. पुढे केंब्रिज, आणि १९३० पासून पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. त्यांचं जुनं घर शोधत फिरू नका. त्यांचं काम बघायचं तर काटोल-नरखेडकडच्या कोणत्याही सेवा सहकारी सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्याला पीककर्ज देणाऱ्या गावच्या संस्थेत जा. मी तिकडे बावीस वर्षं गटसचिव होतो, अशा सोसायट्यांचं दप्तर सांभाळायचो, म्हणून सांगतो.

१९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपाहणी, म्हणजे शेतकऱ्याला कर्ज कोणाकडून किती मिळतं याची पाहणी, सुरू केली. तिच्या चार जणांच्या समितीत गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल आला, आणि त्यातला एक आकडा मला अजून टोचतो : शेतकऱ्याने उचललेल्या दर शंभर रुपयांतले सहकारी संस्थांकडून आलेले जेमतेम तीन, आणि सावकाराकडून आलेले जवळपास सत्तर! सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, म्हणजे पन्नास वर्षांची कमाई ही. तरी समितीने गाशा गुंडाळायला सांगितलं नाही. सहकार फसलाय, पण तो यशस्वी व्हायलाच पाहिजे, असं तिने स्वच्छ लिहिलं. सरकारने संस्थांत भाग घ्यावा, कर्ज जमिनीच्या तारणापेक्षा पिकाच्या गरजेवर द्यावं, वसुली मालाच्या विक्रीशी जोडावी, या तिच्या शिफारशी. दरवर्षी आम्ही कोणाला किती कर्ज द्यायचं ते ठरवणारं जे कमाल मर्यादा पत्रक भरायचो, कोणाची किती एकर पऱ्हाटी, किती संत्रा, ते याच विचारातून आलंय.

आणि हा माणूस नुसता अहवाल लिहून थांबला नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढायचं ठरवलं, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुण्याचा प्राध्यापक ऊस उत्पादकांच्या सभेत बसून हिशेब समजावतोय, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

१९६७ ते १९७१ ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. तिथलं गाडगीळ सूत्र तुम्हाला अभ्यासक्रमात असेलच. केंद्राची योजना-मदत राज्यांना वाटताना ६० टक्के वजन लोकसंख्येला. आणि दरडोई उत्पन्नातलं मागासलेपण, कर उभारण्याचे प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन-वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. त्याआधी वाटपाला असा उघड नियमच नव्हता. हिवाळी अधिवेशन आलं की आपल्याकडे अनुशेषाची चर्चा तापते. वाटप कोणाच्या मर्जीवर नको, लिहिलेल्या नियमावर हवं, हा आग्रह आपल्याला तर पटलाच पाहिजे. १९६९ मध्ये त्यांच्याच अभ्यासगटाने बँकांनी एकेक क्षेत्र वाटून घ्यावं असं सुचवलं. अग्रणी बँक योजनेचं मूळ तिथे आहे.

आता काय करावं ते. माझ्या डोळ्यांपुढून एक आमसभा हटत नाही. सभासद चारशेच्या वर, हजर अकरा. बाकीच्यांच्या सह्या रजिस्टरवर घरोघरी फिरून घेतलेल्या. त्यातल्या काही मीही आणल्या, आणि ते चूक होतं. त्या सभेत एक म्हातारे काका पासबुक प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "बापू, दर मार्चला नवं-जुनं करून राहिलो, पण मूळ किती अन् व्याज किती, हे कोणी सांगतच नाही." नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून लगेच नवं उचलायचं. खालच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी आठ वर्षांच्या नोंदी वाचल्या. अर्धा तास लागला. दोन ठिकाणी व्याज चुकीचं लागलेलं निघालं, ते मी दुरुस्त करून घेतलं. पुढच्या सभेला काका एकटे आले नाहीत, सोबत गल्लीतले सात जण होते.

तेव्हा १० एप्रिलला सभागृह भाड्याने घेऊ नका. एक सोसायटी निवडा, तिच्या अध्यक्षांची परवानगी घ्या, आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद गावच्या पारावर मोठ्याने वाचा. वसूल किती, थकीत किती, एकूण सभासदांपैकी कर्ज किती जणांना मिळतं, सगळं साध्या मराठीत सांगा. पासबुक घेऊन या, असं आदल्या दिवशी दवंडी देऊन कळवा. संध्याकाळी पाचनंतरची वेळ ठेवा. एप्रिलच्या उन्हात दुपारी पारावर कोणी थांबत नाही. काटोलकडची सोसायटी निवडलीत तर मला कळवा. पत्रकं कशी वाचायची ते पोरांना आदल्या आठवड्यात येऊन शिकवून जाईन.