सरकारी वकील कळवतील म्हणून थांबू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ सासूबाईंचं मंगळसूत्र ओढून नेलं त्याला चार महिने झाले. फिर्याद तुमच्या यजमानांनी दिली, त्यानंतर ठाण्याकडून अवाक्षर नाही. परवा पेपरात वाचलं की सोनसाखळी चोरांची एक टोळी पकडलीय. आणि तिकडे न्यू जर्सीत तुमच्या दिरांना गुंतवणुकीत फसवलं, तर त्यांना सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्यात त्यांचे हक्क छापलेले, शिवाय खटल्याची प्रगती बघायला एक नंबर आणि पिन. तुम्ही विचारताय, आपले सरकारी वकील असं पत्र कधी पाठवतात, आणि नाही पाठवलं तर तक्रार कुणाकडे करायची.

माझी सत्तावीस वर्षं कोर्टाच्या कारकुनीत गेली. निवृत्तीनंतर विधी स्वयंसेवक म्हणून लोकांचे अर्ज लिहून देतो. तेव्हा सरळ सांगतो : तपास चालू असताना आपल्याकडे सरकारी वकील तुम्हाला काहीही कळवत नाहीत, आणि तो त्यांचा आळस नाही. तपास पोलिसांचा, खटला चालवणं वकिलांचं, अशी आपल्याकडे मुद्दाम केलेली वाटणी आहे. एकेकाळी खालच्या कोर्टात सरकार पक्षाची बाजू पोलीस खात्याच्या हाताखालचेच वकील मांडायचे. ते खात्याच्या ताब्यातून पूर्ण मोकळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. त्यामुळे दोषारोपपत्र कोर्टात येईपर्यंत तुमच्या एपीपींच्या, म्हणजे सहायक सरकारी वकिलांच्या, टेबलावर तुमच्या गुन्ह्याचा कागदसुद्धा नसण्याची शक्यता जास्त. आरोपी पकडला गेला आणि त्याने जामिनाला अर्ज टाकला, तर ‘से’ म्हणजे सरकार पक्षाचं म्हणणं द्यायला कागद त्यांच्याकडे जातो, तेवढाच अपवाद.

दिरांच्या पत्राचंही थोडं खरं-खोटं करून घेऊ. अमेरिकेत केंद्रीय गुन्ह्यांपुरता २००४ चा पीडितांच्या हक्कांचा कायदा आहे. कोर्टातल्या तारखांची खबर मिळणं, जामीन, कबुली आणि शिक्षेच्या वेळी बोलू देणं, सरकारी वकिलाशी चर्चा, नुकसानभरपाई, हे सगळं त्यात आहे. पण तिथेही तपासाच्या काळात माहिती द्यायची जबाबदारी आधी तपास यंत्रणेवर असते, ती १९९० च्या कायद्याने. आरोप दाखल झाले की मग वकिलाच्या कार्यालयातला पीडित-साक्षीदार समन्वयक सूत्रं हातात घेतो. बळी शेकड्यांनी असतील तर प्रत्येकाला पत्र न पाठवता एखादं वेबपान टाकूनही भागवता येतं. आणि आरोप दाखल होण्याआधी वकिलांनी कळवलंच नाही तर? अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेल्या जेफ्री एपस्टाइनच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. २००७ साली फ्लोरिडात सरकारी वकिलांनी त्याच्याशी खटला न चालवण्याचा करार केला आणि मुलींना पत्रं काय गेली, तर तपास चालू आहे, धीर धरा. २०१९ मध्ये खालच्या कोर्टाने म्हटलं की हक्क मोडले. २०२१ मध्ये वरच्या कोर्टाच्या पूर्ण पीठाने बहुमताने सांगितलं की आरोप दाखल होण्याआधी या कायद्याखाली पीडिताला स्वतंत्र दावा लावता येत नाही. म्हणजे दिरांचं पत्र चांगलंच आहे, पण तिकडे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका.

आता आपलं घर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९३(३) आहे. त्यात लिहिलंय की पोलीस अधिकाऱ्याने नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवली पाहिजे, कोणत्याही मार्गाने, इलेक्ट्रॉनिक मार्गानेसुद्धा. जुन्या कायद्यात तपास संपल्यावर काय कारवाई केली ते कळवायचं होतं. मधल्या काळातल्या प्रगतीला अशी मुदत नव्हती. तुमचे चार महिने झाले, म्हणजे तुमची मुदत उलटून गेलीय.

यात दोन ठिकाणी लोक घसरतात. एक म्हणजे तो ‘किंवा’. फिर्याद यजमानांची, मंगळसूत्र सासूबाईंचं. कायद्याने दोघांतल्या एकाला कळवलं की काम झालं. यजमान महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना एखादा मेसेज येऊन वर सरकला असेल, तर ठाण्याच्या दृष्टीने कलम पाळलं गेलं. आधी त्यांचा फोन नीट तपासा, ही माझी पहिली सूचना. दुसरं, हे नव्वद दिवस आणि दोषारोपपत्राचे साठ-नव्वद दिवस वेगळे. ते दुसरे दिवस अटकेतल्या आरोपीच्या जामिनासाठी मोजतात. आरोपीच सापडला नसेल तर ते लागूच होत नाहीत. ‘आरोपी मिळून आला नाही, म्हणून मुदत सुरू नाही’ असं ठाणे अंमलदाराने ऐकवलं, तर शांतपणे म्हणायचं, साहेब, मी अटकेची मुदत विचारत नाही, प्रगती विचारतोय.

तोंडी विचारू नका मात्र. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे उत्तर नाशकात बारा महिने चालतं, आणि आता सिंहस्थ आलाय म्हटल्यावर तर बोलायलाच नको. कागद द्या. पोलीस निरीक्षकांच्या नावे, दोन प्रतीत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घ्या. एवढंच लिहा :

‘आपल्या ठाण्याकडील गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) अमुक मध्ये मी फिर्यादी असून माझी आई ही पीडित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १९३(३) अन्वये तपासाची प्रगती खालील दोन्ही मोबाईल क्रमांकांवर व पत्त्यावर लेखी कळवावी. तपासी अंमलदारांचे नाव कळवावे. समरी अहवाल सादर केला असल्यास अथवा करणार असल्यास त्याची प्रत व तारीख द्यावी. अलीकडे अटक झालेल्या आरोपींकडे या गुन्ह्याबाबत तपास झाला आहे काय, ते कळवावे.’

पंधरा दिवसांत काही आलं नाही, तर त्याच अर्जाची प्रत जोडून सहायक आयुक्तांना, मग आयुक्तालयात. तेवढ्यानेही हललं नाही तर ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तुमचं ठाणं येतं, तिथे अर्ज. तपास नीट होत नसेल तर दंडाधिकारी लक्ष घालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच मान्य केलंय. माझ्या पाहण्यात बहुतेक अर्जांना शिक्का पडला की आठवड्याभरात फोन येतो. रागाने लिहिलेल्या चारपानी तक्रारीपेक्षा हा अर्धा पानाचा कागद जास्त काम करतो.

‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, हा शब्द अर्जात मुद्दाम घातलाय, कारण खरी माती तिथे होते. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, तर ‘अ’ समरी. फिर्यादच खोटी म्हटली तर ‘ब’. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’. अशा वेळी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस काढून ऐकून घ्यायला हवं, हे भगवंत सिंग प्रकरणात १९८५ साली ठरलं. नोटीस निघतेही. पण ती फिर्यादीत लिहिलेल्या पत्त्यावर जाते.

हे मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. २०११ साली माझी स्कूटर सीबीएससमोरून गेली. फिर्यादीत पत्ता दिला पंचवटीच्या भाड्याच्या खोलीचा. पुढच्या वर्षी आम्ही पाथर्डी फाट्याला आलो. ‘अ’ समरीची नोटीस पंचवटीत गेली, नव्या भाडेकरूने ‘इथे राहत नाहीत’ सांगितलं, शेरा पडला, समरी मंजूर झाली. मी त्याच कोर्टाच्या इमारतीत, दोन जिने खाली, लोकांच्या तारखा लिहीत बसलेलो. सहा महिन्यांनी विम्याच्या कामाला कागद काढला तेव्हा कळलं. स्कूटर काही मिळणार नव्हतीच, पण बायको अजून टोमणा मारते. तर पत्ता किंवा मोबाईल बदलला असेल तर त्याचाही अर्ज द्या.

दोषारोपपत्र आलं की मग सरकारी वकील. इथेही एक बारीक मेख आहे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीबरोबर पीडितालाही मिळतात, पण पीडिताचा वकील असेल तर. वकील परवडत नाही म्हणून सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज सासूबाईंच्या नावे करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे, फोन १५१००. हा वकील खटला स्वतः चालवणार नाही. तो सरकारी वकिलांच्या सूचनेखाली काम करतो आणि कोर्टाच्या परवानगीने शेवटी लेखी युक्तिवाद देऊ शकतो. खटला मागे घ्यायचा सरकारने अर्ज केला तर पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही, कलम ३६०. आरोपी सुटला तर कलम ४१३ खाली पीडिताला स्वतः अपील करता येतं.

ज्यांनी खाली प्रतिसादात ॲट्रॉसिटीचं विचारलंय त्यांच्यासाठी : तुमची गोष्ट अगदी वेगळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम १५-अ आलं. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वाजवी, अचूक आणि वेळेवर सूचना हा पीडिताचा हक्क, आणि ती देण्याचं काम विशेष सरकारी वकिलांवर किंवा राज्य सरकारवर. गंमत म्हणजे ‘वाजवी, अचूक आणि वेळेवर’ हे तीन शब्द अमेरिकेच्या त्या २००४ च्या कायद्यातलेच. आपल्याकडे सरकारी वकील कळवत नाहीत हे मी वर म्हटलं, ते तुम्हाला लागू नाही. तुम्हाला न कळवता जामीन झाला असेल तर तेवढ्यावर वरच्या कोर्टात जाता येतं. सोळा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यातही जामिनाच्या वेळी फिर्यादीची किंवा फिर्यादीने नेमलेल्या माणसाची हजेरी बंधनकारक आहे.

बाकी गुन्ह्यांतही लखीमपूर खेरीच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत पीडिताला बोलायचा हक्क आहे. तिथे जामिनाच्या ऑनलाइन सुनावणीत पीडितांचे वकीलच जोडणीतून बाहेर फेकले गेले होते. जामीन रद्द झाला. पण हा हक्क वापरायला तारीख माहीत हवी, आणि ती सांगायला कुणी घरी येत नाही. केस नंबर पडला की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून ठेवा. दिरांच्या पिनच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची वस्तू तीच.

शेवटी मंगळसूत्र. पेपरातल्या टोळीकडून सोनं मिळालं असेल तर बहुधा लगड करूनच, त्यामुळे ‘हे माझंच’ म्हणायला तुमच्याकडे सराफाची पावती आणि सासूबाईंचा ते घातलेला एखादा लग्नातला फोटो लागेल. दोन्ही आजच शोधून ठेवा. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्यासाठी करायचा. त्यावर पोलीस आणि एपीपी दोघांचा ‘से’ मागवतात. एपीपींना भेटायचं असेल तर ते याच टप्प्यावर, सकाळी कोर्ट बसायच्या आधी, गु.र.नं. हातात घेऊन. मधल्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा ते डबा खात असतात.