दाइयू कोणी व्हायचं? चिनी मालिकांवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी मुलगी कॉलेजात आहे आणि तिला चिनी मालिकांचं वेड आहे. नव्या मालिकेतल्या कलाकारांची नावं जाहीर झाली, की तिकडच्या प्रेक्षकांत जुंपते आणि इकडे हिच्या मैत्रिणींतही. अजून एकही भाग कोणी पाहिलेला नसतो! कोणती भूमिका कोणाला दिली यावरून माणसं एवढी का संतापतात?
— एक आई, सांगली

उत्तर : चीनमधल्या गाजणाऱ्या मालिकांपैकी कितीतरी कादंबऱ्यांवर बेतलेल्या असतात. कधी ती दोन-तीनशे वर्षांपूर्वीची अभिजात कादंबरी असते, कधी मोबाइलवर रोज एकेक प्रकरण करत लाखो मुलींनी वाचलेली. प्रेक्षक मालिका लावतो तेव्हा नायिकेचा चेहरा त्याच्या मनात कधीच ठरलेला असतो. त्या चेहऱ्याच्या जागी दुसरीच कोणी येऊन उभी राहिली की घरातलं माणूस बदलल्यासारखं वाटतं. मला हा राग समजतो आणि बऱ्याचदा पटतोही.

या भांडणांचं मूळ उदाहरण म्हणजे इंग्रजीत 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' नावाने ओळखली जाणारी, अठराव्या शतकातली त्साओ श्वेचिन यांची कादंबरी. तिची नायिका लिन दाइयू आजारी, हळवी, तल्लख, बोलायला फटकळ. शिकलेल्या चिनी माणसाला विचारा, दाइयूच्या भुवया कशा होत्या हेसुद्धा तो सांगेल, कारण त्साओंनी त्या धुरासारख्या असल्याचं लिहून ठेवलंय. अशी मुलगी आणायची कुठून?

चिनी सरकारी दूरदर्शनने १९८० च्या दशकात हे काम दिग्दर्शक वांग फूलिन यांच्याकडे दिलं. त्यांनी नामवंत नट्या घेतल्या नाहीत, देशभर नवे चेहरे शोधले. ईशान्येकडच्या आनशान गावच्या नाट्यमंडळीत काम करणाऱ्या चेन श्याओश्यू या मुलीने त्यांना पत्र पाठवलं. सोबत स्वतःचा फोटो होता आणि स्वतःचीच एक कविता. असं सांगतात, की दुसरी एखादी भूमिका करशील का, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, मी दाइयूच आहे. दुसरं काही केलं तर लोक म्हणतील, दाइयू दुसऱ्याच कोणाचं काम करतेय.

पण खरी गोष्ट निवडीनंतर सुरू होते. या मुलामुलींना १९८४ साली बेजिंगमधल्या युआनमिंगयुआन या जुन्या शाही बागेत एकत्र ठेवलं. तिथे त्यांच्याकडून कादंबरी वाचून घेतली. त्या कादंबरीवर आयुष्य घालवलेले अभ्यासक येऊन शिकवत. सुलेखन, चित्रकला, वाद्यं, बुद्धिबळ, चालणं, बसणं, वाकून नमस्कार करणं, सगळं त्यात होतं. कथेतली बाग बेजिंगमध्ये खरोखरच उभारली. ती आजही पाहता येते. संगीतकार वांग लीपिंग यांनी गाण्यांना कित्येक वर्षं दिली. छत्तीस भागांची मालिका १९८७ मध्ये लागली. शेवटचे भाग छापील कादंबरीच्या शेवटापेक्षा वेगळे, अभ्यासकांच्या मतांवरून लिहिलेले असल्याने त्यावर कडाक्याचे वाद झाले. दाइयू मात्र लोकांनी कायमची स्वीकारली. दोउबान या चिनी संकेतस्थळावर प्रेक्षक गुण देतात. तिथे या मालिकेला दहापैकी साडेनऊच्या वर गुण आहेत. आपल्याकडे १९८८ च्या 'महाभारत'नंतर कृष्ण म्हटलं की नितीश भारद्वाजच डोळ्यांसमोर येत, तसंच हे.

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये बेजिंगच्या वाहिनीने याच कादंबरीवरच्या नव्या मालिकेसाठी स्पर्धा सुरू केली. हजारो मुली दाइयू व्हायला आल्या, लोकांनी मतं दिली. ही नव्या दाइयूची शोधाशोध चालू असतानाच, मे २००७ मध्ये, चेन श्याओश्यू कर्करोगाने वारल्या. वय अवघं ४१. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी बौद्ध भिक्षुणीची दीक्षा घेतली होती. साऱ्या देशाने दाइयूच गेल्यासारखा शोक केला. त्यानंतर त्या जागी जी कोणी मुलगी उभी राहणार होती, तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं याची कल्पना करा.

त्यात मधेच दिग्दर्शक बदलल्या. स्पर्धेत दाइयू म्हणून जिंकलेल्या मुलीला ती भूमिका मिळालीच नाही. नव्या दिग्दर्शक ली शाओहोंग यांनी च्यांग मेंगज्ये या कोवळ्या मुलीला घेतलं. मतं देणाऱ्यांना वाटलं, आपल्याला विचारलं कशाला मग? २०१० मध्ये पन्नास भागांची मालिका आली तेव्हा मी बेजिंगमध्ये होते. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे आम्ही ती पाहायचो. पडद्यावरच्या मुलींच्या कपाळावर आणि गालांवर केसांच्या गोल बटा चिकटवलेल्या होत्या, चिनी संगीतनाटकांत असतात तशा. लोकांनी त्यांची तांब्याच्या नाण्यांशी तुलना केली. त्यापेक्षाही बाईंना सलत होतं ते वेगळंच. कादंबरीत दाइयू कृश आणि तिची प्रतिस्पर्धी श्वे बाओचाय गोलसर, भरल्या अंगाची. इथे नेमकं उलट दिसत होतं. बाई टीव्हीचा आवाज बंद करून म्हणाल्या, "आता सांग, यातली आजारी कोण?" मला सांगता येईना.

च्यांग मेंगज्येचा यात काहीही दोष नव्हता असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. तिला १९८४ ची ती बाग मिळाली नाही. लोकांनी राग काढला तो मात्र तिच्या गालांवर, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

प्रेक्षकांचा पहिला राग चुकीचाही ठरतो, हेही तुमच्या मुलीला जरूर सांगा. 'तीन राज्यां'च्या कथेवरची मालिका याच वांग फूलिन यांच्या मुख्य दिग्दर्शनाखाली झाली, १९९४ साली. त्यात महाचतुर झूगे लियांगचं काम तांग ग्वोच्यांग यांना दिलं. तोवर ते गुळगुळीत चेहऱ्याचे देखणे नट म्हणूनच ओळखले जायचे, त्यामुळे लोकांनी नाकं मुरडली. आज चिनी माणसाला झूगे लियांगचं चित्र काढायला सांगितलं तर पंखा हातात घेतलेले तांगच कागदावर उतरतात.

---

प्रश्न : नमस्कार. मी आणि माझी बायको 'रूयी' ही राजवाड्यातली मालिका पाहतो आहोत. पहिल्या भागांत नायिका पंधरा-सोळा वर्षांची आहे आणि नटी चाळिशी उलटलेली! तिकडचे लोक हे कसं चालवून घेतात?
— ठाणे

उत्तर : चालवून घेत नाहीत हो. २०१८ मध्ये ही मालिका आली तेव्हा झोउ श्यून यांच्या वयावरून भरपूर बोललं गेलं. २०२१ च्या जानेवारीत झांग झियी पहिल्यांदाच मोठ्या मालिकेत आल्या, 'द रिबेल प्रिन्सेस'मध्ये. वय एक्केचाळीस, भूमिका पंधरा वर्षांच्या राजघराण्यातल्या मुलीची. तेव्हाही तेच झालं.

निर्माते असं का करतात ते पाहा. या कथा नायिकेला पंधराव्या वर्षी उचलतात आणि थेट म्हातारपणापर्यंत नेतात. रूयी म्हणजे चियानलोंग सम्राटाची दुसरी पट्टराणी. इतिहासात १७६५ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर तिचं आणि सम्राटाचं बिनसलं. तिने स्वतःचे केस कापले असं सांगतात, आणि मांचू राणीने केस कापणं म्हणजे कोणाचा तरी मृत्यू जाहीर करणं. पुढच्याच वर्षी ती मेली. तो प्रसंग पेलायला झोउ श्यूनसारखीच नटी लागते. शेवटासाठी निवड करायची आणि सुरुवातीचे भाग कसेबसे ओढून न्यायचे, असा हा हिशेब आहे. तुम्ही थोडा धीर धरा. मालिका ८७ भागांची आहे, आणि उत्तरार्धात नवरा-बायकोचं नातं विटत जातं ते पाहताना तुम्हाला वयाची आठवणही होणार नाही.

मग लहानपणासाठी दुसरी मुलगी का घेत नाहीत, असं तुम्ही विचाराल. २०१० च्या त्या मालिकेत तसं केलं होतं. नायक बाओयू आणि बाओचाय यांना अर्ध्यावर मोठे नट आले, दाइयू मात्र तीच राहिली. कालच्या पोराशेजारी उभी असलेली दाइयू एकदम उंच तरुणाशेजारी उभी! प्रेक्षकांचा ताल पार सुटला.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानांना जाणवली असेल. ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, हे तिथे जुनं आहे. बरंचसं चित्रीकरण झेजियांग प्रांतातल्या हेंगद्यान इथे होतं. शेजारी-शेजारी अनेक मालिकांची कामं चालू असतात, गोंगाट असतो. शिवाय हाँगकाँग-तैवानच्या नटांचे उच्चार वेगळे पडतात. म्हणून आवाज नंतर भरतात. २०११ च्या 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'मध्ये चेहरा सुन ली यांचा आणि आवाज जी ग्वानलिन यांचा. नायिकेची भोळी मुलगी ते थंडगार राजमाता ही वाट त्या आवाजाने जशी दाखवली, ती ऐकण्यासारखी आहे. माझ्या मते ही निवडसुद्धा नटीच्या निवडीइतकीच मोठी. चिनी प्रेक्षक आवाज देणाऱ्यांना नावाने ओळखतात, याचा मला फार आनंद वाटतो.

---

प्रश्न : मॅडम, ज्याचे फॅन जास्त त्यालाच भूमिका मिळते, असं ऐकलं. खरं का?
— बी.ए.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच वेळा खरं. मालिका पूर्ण होण्याआधीच ती आयचियी, टेन्सेंट, योउकू अशा ऑनलाइन मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना आणि जाहिरातदारांना विकायची असते. त्यांना दाखवायला मोठं नाव लागतं. मग बजेटचा मोठा हिस्सा त्या नावालाच जातो आणि लेखन, कपडे, बाकीचे नट यांना उरलंसुरलं. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये नियम आला : कलाकारांचं एकूण मानधन निर्मितिखर्चाच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये, आणि त्यातही प्रमुख कलाकारांनी ७० टक्क्यांहून जास्त घेऊ नये. २०२१ मध्ये सरकारने, निव्वळ लोकप्रियतेच्या आकड्यांवर नट निवडू नका, असंही बजावलं. त्याच आदेशात 'बायकी' दिसणाऱ्या पुरुषांवरही बंदी घातली. तो भाग मला मुळीच मान्य नाही. नट कसा दिसतो हे सरकारने ठरवू नये.

उलटं उदाहरण हवं तर 'यानशी पॅलेस' बघ. तीही २०१८ चीच, 'रूयी'च्या महिनाभर आधी आलेली. तोच सम्राट, त्याच राण्या. फक्त 'रूयी'ची नायिका इथे खलनायिका आहे. नायिका वू जिनयान, जिचं नाव तेव्हा फारसं कोणाला माहीत नव्हतं. पैसा कुठे गेला ते पडद्यावर दिसतं : भरतकाम आणि नानजिंगच्या कारागिरांची रेशमी धाग्यांची फुलं. राण्यांच्या केसांतली ती फुलं एकदा थांबवून बघ. त्या वर्षी ही मालिका चीनबाहेरही तुफान चालली.

---

प्रश्न : 'जॉय ऑफ लाइफ'च्या दुसऱ्या पर्वात यान बिंगयुन बदलला. माझा मूडच गेला. तिथल्या लोकांचाही गेला का?
— नाशिक

उत्तर : अनेकांचा गेला. पहिलं पर्व २०१९ चं, दुसरं २०२४ चं. पहिल्या वेळी शाओ झान ती भूमिका करत होते, मधल्या काळात ते प्रचंड मोठे तारे झाले, आणि दुसऱ्या पर्वात त्या जागी वू शिंगज्येन आले. एवढं अंतर पडलं की सगळी मंडळी परत जमवणं अवघडच. पण १९८६ च्या 'पश्चिमेकडचा प्रवास'मध्ये भिक्षू शुआनझांगचं काम वेगवेगळ्या भागांत तीन नटांनी केलंय. चित्रीकरण वर्षानुवर्षं चाललं, नट येत-जात राहिले. तरी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत चिनी मुलं ती मालिका पाहत मोठी झाली, आणि तिघांपैकी कोण जास्त चांगला यावर अजूनही जेवताना वाद घालतात. वू शिंगज्येनला आणखी चार भाग द्या. नाहीच रुचला, तर मला पुन्हा लिहा.