पुस्तक चावतोय? चावू दे!

प्रश्न : ताई, माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. आम्ही दोघंही नोकरीवाले, दिवसभर तो आजीकडे असतो. हौसेनं जाड पुठ्ठ्याची ४-५ पुस्तकं आणली पण हा वाचूच देत नाही, पानं भराभर उलटतो नाहीतर कोपरा तोंडात. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला काय कळतंय, सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात घरात इंग्लिशच बोला. सध्या 'आई', 'भू' आणि 'दे' एवढंच बोलतो. माझं काही चुकतंय का?
– एक आई, नाशिक

उत्तर : अगं, काही चुकत नाहीये. या वयात पुस्तक चावलंच जातं, म्हणून तर त्याला पुठ्ठा असतो. फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट सोड, तो तुझा हट्ट आहे, त्याचा नाही. त्याने कुत्र्याचं पान उघडलं ना, मग आजचं वाचन तेवढंच. तो बोट दाखवून "भू" म्हणाला की तू म्हण "हो, भूभू! भूभू झोपलाय, शेपटी बघ केवढी" आणि मग गप्प बस. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, आपण लगेच "हे काय? आणि ते काय?" सुरू करतो, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. मनात पाचपर्यंत मोज, तो काहीतरी आवाज काढेल, हात हलवेल, ते त्याचं उत्तर. गायीलाही भू म्हणाला तर चूक काढू नकोस, "ही गाय, हम्मा करते" एवढं पुरे, या वयात पोरं एका शब्दात अर्धी राणीची बाग बसवतात.

आणि सासूबाईंना "वाचून दाखवा" म्हणूच नकोस, लग्नाचा अल्बम दे हातात, बघ कशा तासभर बोलतात! मेथी निवडताना "हा देठ, टाक टोपलीत", कुकर वाजला की "शिट्टी झाली", बडबडगीतं, चिऊकाऊची गोष्ट, हे सगळं भाषाच आहे. यमकं कानात बसली की पुढे शब्दातले सुटे आवाज ओळखता येतात, वाचायला शिकताना तेच लागतं.

इंग्लिशचं म्हणशील तर ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात आणि रागावता येतं तीच बोला. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं हाही गैरसमजच.

मोबाइल मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की २ वर्षांच्या आत स्क्रीन टाळा. गावच्या आजोबांचा व्हिडिओ कॉल चालेल.

तुझ्या मुलाचे तीन शब्द आहेत, छान आहे. पण कुठल्याही मुलाला १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द येत नसेल, २ वर्षांचं होऊनही "आई दे" असे दोन शब्द जोडत नसेल, हाकेला बघत नसेल किंवा येणारे शब्द बंद झाले असतील तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि आधी कान तपासून घ्यावेत.

आणि हो, ते चावलेलं पुस्तक टाकू नकोस, ओल्या फडक्याने पूस आणि त्याच्या हाताला येईल असं ठेव, उद्या तेच मागणार आहे तो.