‘ऐकू येत नाही, मग तो विचार कशात करतो?’

ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस झाले. बहिणीचा मुलगा १६ महिन्यांचा. बेरा तपासणीत (आवाजाला कान आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी तपासणी) दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं, डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सुचवलंय, आणि घरात सगळे बजावतायत की तोवर हातवारे अजिबात करू नका, नाहीतर पोरगा कधीच बोलायचा नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘शब्दच माहीत नसतील तर हे लेकरू मनातल्या मनात विचार तरी कशात करत असेल?’ कर्णबधिर मुलांच्या शाळेत माझी २६ वर्षं गेली. पालक एकच विचारतात, ‘बाई, बोलेल ना?’ तुमच्यासारखं विचारणारे मोजून चार भेटले असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऐकणारं बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की ‘बाबाबा’, ‘दादादा’ चालू करतं. कर्णबधिर आईवडिलांच्या घरातलं कर्णबधिर बाळ त्याच सुमारास हातांनी बडबडायला लागतं. मूठ उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. अर्थ काही नाही, पण लय तीच. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या संशोधकांनी दोन कर्णबधिर आणि तीन ऐकणाऱ्या बाळांच्या हातांची हालचाल बारकाईने तपासून १९९१ मध्ये हे जगापुढे मांडलं. मी ते वाचलं नंतर, पाहिलं आधी. आमच्या शाळेतून शिकून गेलेलं एक जोडपं आपली तान्ही मुलगी घेऊन भेटायला आलं होतं. आईबाप माझ्याशी खुणांनी गप्पा मारत होते आणि आईच्या मांडीवर ही चिमुरडी दोन्ही पंजे आमच्याकडे करून काहीतरी ‘बोलत’ होती. तेव्हा वाटलं, हात झटकतेय.

याच्या पुढची गंमत ‘मी’ आणि ‘तू’ची. अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘मी’ म्हणजे स्वतःकडे बोट, ‘तू’ म्हणजे समोरच्याकडे. यात चुकण्यासारखं आहे काय? पण पेटिटोंनी पाहिलेली मुलं दोन वर्षांची व्हायच्या सुमारास नेमकी इथेच चुकत होती. ‘मी’ म्हणायचं असताना आईकडे बोट दाखवत होती. आपल्याकडची ऐकणारी पोरं नाही का त्या वयात स्वतःला भूक लागली की ‘तुला भूक लागली’ म्हणत! म्हणजे खुणांत वाढणारं मूल त्या बोटाकडे नुसतं बोट म्हणून बघत नाही. त्याच्या लेखी तो शब्द असतो, म्हणून तर चूकही शब्दासारखी होते. सांकेतिक भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला लकव्याचा झटका आला, तर हात नीट हलत असूनही त्याची भाषा मोडू शकते, हेही सिद्ध झालेलं आहे. मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याचं त्याला सोयरसुतक नसतं.

आता विचारांचं. तुमचा भाचा विचार करतोच, आत्ताही. कोणत्या डब्यात लाडू आहे, आई चपला शोधायला लागली म्हणजे बाहेर जायचंय, आजोबांचा चष्मा हिसकावला की काय होतं, हे त्याला पक्कं माहीत असणार. त्यासाठी शब्द लागत नाहीत. आणि भाषा कोणी दिली नाही तर अशी मुलं आपल्या परीने ती घडवूही लागतात. सुझन गोल्डिन-मेडो यांनी अमेरिका आणि तैवानमधली अशी कर्णबधिर मुलं अभ्यासली, ज्यांना घरी कोणीच सांकेतिक भाषा दाखवलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या खुणांना एक क्रम होता, आणि तो त्यांच्या आयांच्या हातवाऱ्यांपेक्षा दुसऱ्या देशातल्या मुलांच्या खुणांशी जास्त जुळत होता!

पण एकट्याने घडवलेली ही भाषा कुठे तोकडी पडते, ते मला एका मुलाने शिकवलं. ऊसतोडीवाल्यांचा पोरगा, वय सात, पहिल्यांदाच घराबाहेर. त्याच्याकडे खुणांचा बऱ्यापैकी साठा होता. मिशीला पीळ म्हणजे बाप, डोक्याशी दोन बोटं म्हणजे बैल, मनगटाचा झटका म्हणजे कोयता. ‘उद्या’ नव्हता. ‘परवा’ नव्हता. ‘का’ तर नव्हताच. बाप त्याला वसतिगृहात सोडून गेला, आणि हा रोज संध्याकाळी पिशवी घेऊन फाटकाशी जाऊन बसायचा. दिवाळीत न्यायला येणार आहेत हे त्याला सांगायचं कसं? आम्ही भिंतीवर चौकोन काढले, एक दिवस एक चौकोन, शेवटच्या चौकोनात पणती. रोज रात्री एकावर फुली. त्याला वाटायचं बाई चित्र काढतात. तो पणती रंगवायचा. डोक्याने अतिशय तल्लख होता, कोणाची सायकल कोणत्या कुलपाची हे त्याला पाठ. पण अजून न आलेल्या दिवसाला हात घालायला त्याच्यापाशी काही साधनच नव्हतं. मोठ्या मुलांत राहून दीड-दोन महिन्यांत तो भराभर खुणा शिकला. मग एका सकाळी मला ओढत भिंतीपाशी नेलं, उरलेले चौकोन मोजले आणि मिशीला पीळ देऊन ‘येणार?’ असं विचारलं. त्या दिवसापासून तो फाटकाशी बसला नाही.

त्याच सुमारास एका कर्णबधिर जोडप्याची चार वर्षांची मुलगी, तीही कर्णबधिर, मला हळूच सांगत होती: आईने चॉकलेट तांदळाच्या डब्यात लपवलंय, तिला वाटतं मला माहीत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे, आणि ते चुकीचं आहे, हे तिला कळतंय. मानसशास्त्रज्ञ हीच समज एका साध्या खेळाने तपासतात: वस्तूची जागा बदलताना ज्याने पाहिलं नाही, तो ती कुठे शोधेल? ऐकणारी मुलं साधारण चार-पाचव्या वर्षी बरोबर उत्तर देतात, आणि खुणांच्या घरात वाढलेली कर्णबधिर मुलंही. ज्यांच्या घरी सर्वांना ऐकू येतं आणि खुणा कोणालाच येत नाहीत, ती मात्र कित्येक वर्षं मागे राहतात. ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी १९९५ मध्ये ८ ते १३ वर्षांच्या अशा मुलांची चाचणी घेतली, तर बहुतेकांचं उत्तर चुकलं. कान दोन्ही घरांतल्या कर्णबधिर मुलांचे तेच. फरक घरातल्या गप्पांचा.

निकाराग्वाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १९७७ पर्यंत तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरी, एकमेकांपासून तुटलेली होती. मग मानाग्वात विशेष शाळा निघाली. शिक्षक स्पॅनिश ओठ वाचायला शिकवत राहिले, आणि मुलांनी मैदानावर नि बसमध्ये आपापल्या घरगुती खुणा एकत्र करून चक्क नवी भाषा उभी केली. नंतर आलेल्या लहानग्यांनी तिला खरं व्याकरण दिलं. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंघास यांनी पहिल्या तुकडीतल्या, आता मोठ्या झालेल्या माणसांना तोच लपवलेल्या वस्तूसारखा प्रश्न घातला, तर ती धाकट्या तुकडीपेक्षा मागे पडली. चांगली कामधंदा करणारी माणसं. दोनेक वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर मधल्या काळात धाकट्यांशी उठबस वाढल्याने त्यांच्या बोलण्यात ‘माहीत आहे’, ‘वाटतं’ अशा खुणा आल्या होत्या, आणि उत्तरंही सुधारली होती. थोडक्यात, इतकी वर्षं उलटल्यावरही फायदा झाला. पण भाच्याला तेवढी वाट बघायला लावू नका. व्याकरणाची पकड पहिल्या काही वर्षांत जशी बसते तशी पुढे बसत नाही.

मग ‘हातवारे नको’ हे आलं कुठून? १८८० मध्ये इटलीत मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली, तिने ठराव केला की कर्णबधिरांना फक्त बोलण्यातून शिकवायचं. ठराव करणारे जवळजवळ सगळेच ऐकणारे. त्याची झळ शंभर वर्षं जगभर पोचली. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत ते ठराव अधिकृतपणे नाकारले गेले आणि खेदही व्यक्त झाला, पण आपल्याकडच्या आज्या-आत्यांना ते कोण सांगणार? मीही निर्दोष नाही. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही वर्गात ‘हाताची घडी’ करायला लावायचो. ऐकणाऱ्या मुलांना पुढचं ‘तोंडावर बोट’ लागतं. आमच्या मुलांना घडीच पुरे होती, त्यांचं तोंडच तिथे होतं. हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली, त्याची आजही लाज वाटते.

ओठांवरून समजेल म्हणणाऱ्यांनी आरशासमोर आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ म्हणून बघावं. तिन्ही सारखेच दिसतात. ‘काका’ तर नुसताच उघडलेला जबडा. ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भाने ओळखतो. ज्याला भाषाच शिकायचीय त्याने कशावरून ओळखावं?

इम्प्लांटला माझा विरोध नाही, उलट वय बसतंय तर वेळ घालवू नका. अपंगांना उपकरणं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांची ऑपरेशनं होतात; मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघते, चौकशी तिथे करा. पण ऑपरेशन म्हणजे चष्मा नव्हे, की घातला आणि दिसलं. इम्प्लांट चालू झाल्यावर थेरपिस्ट मुलाचं ‘ऐकण्याचं वय’ शून्यापासून मोजतात. कागदपत्रं, तारीख, ऑपरेशन, इम्प्लांट चालू करणं, मग महिनोन्‌महिने थेरपी. तोवर हा तीन वर्षांचा होईल. मधल्या काळात त्याच्या मेंदूने उपाशी बसायचं का? खुणा शिकवल्याने वाचा अडते, ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. जन्मापासून खुणा बघत वाढलेली आणि मग इम्प्लांट झालेली कर्णबधिर आईवडिलांची मुलं २०१४ मध्ये अमेरिकेत तपासली गेली, तेव्हा त्यांचं बोलणं कर्णबधिर घरातल्या ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीचं निघालं. हातावर एक भाषा असेल तर दुसरी ठेवायला आधार मिळतो. सगळ्यांचंच बोलणं फुलेल अशी हमी मात्र कोणताही प्रामाणिक माणूस देणार नाही, म्हणून तर एकाच टोपलीत सगळी अंडी नकोत.

घरी काय करायचं? कर्णबधिर आया जे करतात ते. त्या मुलाचं लक्ष नसताना खूण करत नाहीत. खांद्यावर हलकी थाप, किंवा मूल ज्या वस्तूकडे बघतंय तिच्याशेजारीच हात नेऊन खूण, कधी त्याच्याच पोटावर. ऐकणारं मूल चेंडूकडे बघत ‘चेंडू’ ऐकू शकतं. आपल्या बाळाला चेंडू आणि शब्द दोन्ही डोळ्यांनीच घ्यायचे आहेत, म्हणून आधी चेंडू बघू द्या, त्याने मान वर केली की खूण करा. ही थांबायची सवय लागायला आपल्यालाच वेळ लागतो, त्याला नाही. पाठीमागे दिवा किंवा खिडकी ठेवून बसू नका, चेहरा काळा दिसतो. आणि चेहरा भरपूर वापरा. भुवया उंचावणं, मान हलवणं हे सांकेतिक भाषेत व्याकरण आहे, नाटक नाही.

खुणा मनाने बनवत बसू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० हून जास्त शब्दांचा व्हिडिओ कोश फुकट आहे. त्यातून रोजचे वीस शब्द घ्या. पण कोशातून कोणी भाषा शिकलंय का कधी? तालुक्याला, जिल्ह्याला कर्णबधिरांची संघटना असेल तर महिन्यातून दोनदा बाळाला घेऊन जा, गप्पा मारणारी मोठी माणसं त्याला बघू द्या. बहिणीला तिच्या नवऱ्यासकट न्या. बऱ्याच घरांत आई शिकते आणि बाप ‘तू सांग त्याला’ म्हणत राहतो.

एक राहिलं. ग्रहणात सुरी हातात धरली वगैरे कोणी बहिणीला ऐकवत असेल तर थांबवा. आईबाप दोघांना उत्तम ऐकू येत असूनही दोघांकडे एकेक सदोष जनुक असणं, हे जन्मजात बहिरेपणाचं अगदी नेहमीचं कारण आहे. आणि त्याला मुका म्हणू देऊ नका, त्याच्या गळ्याला काहीही झालेलं नाही.

बेरा रिपोर्टमध्ये उजव्या आणि डाव्या कानापुढे किती डेसिबल लिहिलंय ते इथेच कळवा, आणि कानाचं मशीन (बाहेरून लावायचं साधं श्रवणयंत्र) लावून पाहिलं का तेही. ऑपरेशनआधी मशीनचा प्रयोग करावाच लागतो. त्याचे कानात बसणारे साचे कसे बसवून घ्यायचे आणि पोरं ते ओढून काढतात तेव्हा काय करायचं, ते मग लिहिते.