आवाज फाटायलाय, पण नेमका कुठं?

कराओकेच्या साउंडबद्दल मराठवाड्यातून आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी 'कोणतं नवीन सामान घ्यावं' असं विचारलं आहे. चारपैकी तीन ठिकाणी नवीन काही घ्यायची गरज नाही किंवा एका वायरवर भागेल.

प्रश्न : आम्ही निवृत्त मंडळी दर शनिवारी समाजमंदिरात कराओके करतो. ६ चॅनलचा मिक्सर, २५० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि दोन कॉलम (उभे स्पीकर) आहेत. गाणं वरच्या पट्टीत गेलं की आवाज फाटायलाय. ॲम्प्लिफायरचा आवाज निम्म्यावर आणला तरी फाटणं जाईना. कॉलम बदलावेत का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : कॉलमला हात लावू नका. 'निम्म्यावर आणला तरी' या तुमच्या शब्दांतच निदान आहे. ॲम्प्लिफायरची ताकद संपून आवाज फाटत असता, तर बटण खाली आणल्यावर तो साफ झाला असता. तसं होत नाही, म्हणजे सिग्नल त्या बटणाशी पोचायच्या आधीच फाटलेला आहे. बटण कमी केल्यानं तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो.

मिक्सरला हेडफोन लावा आणि तीच वरची ओळ गायला सांगा. हेडफोनमध्ये साफ ऐकू आलं, तर मिक्सरपर्यंत सगळं ठीक आहे. मग ॲम्प्लिफायरची मागची बाजू बघा. बहुधा मिक्सरची वायर 'माइक' लिहिलेल्या सॉकेटमध्ये सापडेल. साध्या डायनॅमिक माइकमधून काही मिलिव्होल्टच येतात आणि ते सॉकेट तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. मिक्सरमधून बाहेर येतो तो व्होल्टाच्या आसपासचा सिग्नल, म्हणजे शेकडो पट मोठा. घागरीत टँकर रिकामा केल्यासारखंच ते. वायर काढून 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावा. वायर काढा-घालायच्या आधी आवाज शून्यावर आणा, नाहीतर जो धडाका होतो त्यात कॉलम खरंच जाईल.

हेडफोनमध्येही फाटत असेल तर दोष गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाचा. चॅनलचा फेडर (वर-खाली सरकवायचं आवाजाचं बटण) ० च्या खुणेवर ठेवा आणि गेन पूर्ण खाली. बास, मिड, ट्रेबल मधोमध. आता तुमच्यातल्या सगळ्यात दमदार गळ्याच्या माणसाला गाण्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण जोरात गायला सांगा. 'हॅलो, चेक, वन-टू-थ्री' म्हणून गेन लावू नका, कारण तसं बोलणारा माणूस गाताना कितीतरी मोठा होतो. गेन हळूहळू वाढवा. 'पीक' किंवा 'क्लिप'चा लाल दिवा लुकलुकायला लागला की थांबा आणि थोडं मागं या. पुढच्या गायकाचा आवाज बारीक असेल तर त्याच्यासाठी गेन पुन्हा लावा. एकच गेन सगळ्यांना चालवायचा हट्ट धरला, तर दोघांपैकी एकाचं गाणं हमखास बिघडतं. मास्टर फेडर ० च्या आसपास ठेवा आणि हॉलला किती आवाज हवा ते शेवटी ॲम्प्लिफायरवर ठरवा. हा क्रम उलटा झाला की फाटणं आलंच.

बासची नॉब तीन वाजल्याच्या जागी फिरवायची सवय बऱ्याच मंडळांना असते. ३ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढवले की त्या पट्ट्यात दुप्पट ताकद लागते, १० डीबीला दहापट. शिवाय माइक ओठांना चिकटवला की बास आपोआप फुगतो, आणि आपल्या भाषेतले भ, फ, ध, घ हे हवेचे धक्के देणारे वर्ण थेट जाळीवर आदळतात. 'भाव' म्हटलं की 'भुप्प' ऐकू येत असेल तर माइक चार बोटं लांब धरा, फोमची टोपी घाला आणि मिक्सरवर खालचे जड स्वर कापणारं 'लो कट'चं बटण असेल तर ते दाबून ठेवा. जाळी मुठीत धरून गाणाऱ्याला मात्र प्रेमानं थांबवा. जाळीमागची हवेची भोकं बंद झाली की माइक चारी बाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी सुरू होते.

प्रश्न : दुपारी रियाज करतो तेव्हा सेट झकास वाजतो. संध्याकाळी सातनंतर त्याच सेटिंगवर आवाज फाटतो आणि दबतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घेतलं तर वेगळीच घरघर. ॲम्प्लिफायर खराब झाला का? (अंबाजोगाईचे वाचक)

उत्तर : सेट चालू असताना, जिथं पिन लावता त्याच बोर्डावर मल्टिमीटरनं व्होल्टेज बघा. २३० च्या जागी १८० भरत असतील तर उत्तर तिथंच आहे. जड ट्रान्सफॉर्मरच्या साध्या ॲम्प्लिफायरमध्ये आतलं व्होल्टेज बाहेरच्या प्रमाणात खाली येतं, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. दुपारी १०० वॉट देणारा सेट संध्याकाळी ६१ वर उरला, आणि तुम्ही मागणी तीच ठेवलीत. लाटेचं डोकं सपाट कापलं जातं तो हा फाटका आवाज. असं सारखं होत राहिलं तर आधी ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो.

अशा वेळी आवाज थोडा खाली आणणं हा फुकटचा इलाज आहे. नेहमीचंच असेल तर ॲम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या वीजवापरापेक्षा मोठ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्या. त्याआधी एक्स्टेन्शन बघा. लांबलचक बारीक वायरचा बोर्ड असेल आणि त्यावरच पंखे, कूलरही असतील, तर निम्मी तक्रार महावितरणची नसून त्या वायरचीच असू शकते.

घरघर बहुधा इन्व्हर्टरचीच. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण त्याच्या काटकोनी लाटेचा खडखडाट साउंडमध्ये उतरतो. त्यासाठी साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. फिल्टर लावून फारसं साधत नाही.

प्रश्न : मोबाइलवरून ट्रॅक लावला की वाद्यं पोकळ, लांबून आल्यासारखी वाजतात. मूळ गाणं लावून बघितलं तर गायकाचाच आवाज गायब! मोबाइलला हेडफोन लावला की सगळं ठीक. (एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : दोष पिनेचा. मोबाइलची पिन स्टिरिओ, तिच्यात डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल असतात. तुम्ही दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर वापरून ती मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो चॅनलमध्ये लावलेली दिसते. असं चॅनल दोन सिग्नलांची वजाबाकी करतं. गायकाचा आवाज, ढोलकी, बास हे दोन्हीकडे सारखे असतात, म्हणून ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो कडेचा मालमसाला.

एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या ६.३५ मिमीच्या मोनो पिना असलेली वायर घ्या. दुकानात मोठ्या पिनेला 'पी-३८' म्हणतात. दोन पिना स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या सॉकेटांत, ते नसेल तर दोन वेगळ्या चॅनलांत लावा. मोबाइलचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि त्यातलं 'बास बूस्ट' बंद करा.

प्रश्न : लॅपटॉप जोडला की 'हुंऽऽ' असा आवाज येतो. उन्हाळ्यात जास्तच. एकानं चार्जरची अर्थची पिन कापायला सांगितली आहे. (कराओके गट, जालना)

उत्तर : कापू नका. उद्या चार्जरमध्ये बिघाड होऊन लॅपटॉपमध्ये करंट उतरला, तर तो वायरीतून मिक्सरकडे आणि माइकच्या धातूच्या जाळीतून गाणाऱ्याच्या हातात आणि ओठांवर येऊ शकतो.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. हुंकार थांबला तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे अर्थच्या दोन वाटा एकमेकींना जोडल्या गेल्याचा. मग लॅपटॉप, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. रोषणाईच्या माळा आणि डिमर दुसरीकडे. तरी राहिला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो पण तारेचा थेट संबंध तुटतो. उन्हाळ्याचं म्हणाल तर काळी माती वाळून आक्रसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात बादली-दोन बादल्या पाणी ओता, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्या.