पानिपतच्या मोहिमेत मराठ्यांनी बायका-मुलं सोबत का नेली?

पहिलं कारण म्हणजे यात्रा. एवढी मोठी फौज उत्तरेत जातेय म्हटल्यावर मथुरा, प्रयाग, काशी घडेल या आशेने हजारो माणसं निघाली. एरवी तेवढ्या लांबचा रस्ता एकट्या कुटुंबाला परवडण्यासारखा नव्हता. अठरा वर्षांचे नाना फडणवीसही आई आणि बायकोला घेऊन गेले होते. मोहिमेचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांच्यासोबत त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्याच. दुसरं म्हणजे, सरदारांचे कबिले, म्हणजे कुटुंबं, सोबत असणं तेव्हा रीतीचंच होतं.

भरतपूरचा राजा सूरजमल जाट याने कुटुंबं आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवा असं सुचवल्याचं सांगतात. ते ऐकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. नोव्हेंबर १७६० पासून छावणी कोंडली गेली. रसद तुटली, जनावरं उपाशी मरू लागली, आणि आहे त्या धान्यात न लढणारी तोंडंही होती. १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडताना या सगळ्यांना मधे ठेवून भोवती फौजेचा गोल करून सरकायचं ठरलं होतं. गोल फुटला आणि बायकापोरं उघड्यावर पडली. कित्येक जणी गुलाम म्हणून नेल्या गेल्या. नानांची बायको परत आली, आई आली नाही. जे निसटले त्यांना सूरजमलच्याच मुलखात अन्न-वस्त्र मिळालं.

या लोकांना सरसकट ‘बाजारबुणगे’, म्हणजे फौजेमागचे बिनकामाचे लोक, म्हणू नका, प्लीज. त्यात कुणाची तरी आई होती.

पार्वतीबाई पुण्याला पोचल्या. भाऊ गेले हे त्यांनी शेवटपर्यंत, १७८३ पर्यंत, मानलं नाही. कुंकू पुसलं नाही.