बाबांसाठी आईची पुंजी मोडू का?

मिरजेहून एका ताईंनी विचारलं आहे, थोडक्यात असं: वडील ८३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. बरं होण्याची आशा नाही, काही महिने धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वडील पूर्ण शुद्धीत आहेत आणि ‘नळ्या लावू नका, घरीच राहू द्या’ म्हणतात. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, पैशाकडे बघू नका, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवा. तिथला अंदाज १२ ते १५ लाखांचा. वडिलांच्या एकट्याच्या नावावर दोन, तीन आणि चार अशा मिळून ९ लाखांच्या तीन एफडी, दोन वर्षांपूर्वी सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांच्या सरकारी बचत योजनेत) ठेवलेले १५ लाख आणि राहता फ्लॅट. आई ७६ वर्षांची. ‘स्कीम मोडू का?’

ताई, मोडू नका. मोडण्याचा दंड किरकोळच आहे, दोन वर्षं झाल्यावर १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये. माझा नकार त्यासाठी नाही. बाबांची पेन्शन आज ४२,००० येते. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तीवेतन ढोबळमानाने त्याच्या ६० टक्के, म्हणजे २५,००० च्या आसपास मिळेल. आईचा घरखर्च आणि औषधं तुम्ही २८,००० लिहिली आहेत. स्कीमचं व्याज ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०, महिन्याला सव्वादहा हजार पडतं. ते असेल तर आईच्या हाती ३५,००० येतात. नसेल तर पहिल्याच महिन्यापासून तीन हजारांची तूट, आणि आई कदाचित अजून पंधरा वर्षं जगेल. बाबांवर किती खर्च करायचा, यावर तुम्हा दोघांचा वाद चालला आहे. खर्च कोणाच्या वाट्यातून होतोय, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता घरच्या शुश्रूषेचा हिशेब. तुम्ही विचारून आलेले दर धरतो: नर्सिंग ब्युरोचे दिवसरात्रीचे दोन ब्रदर, म्हणजे शुश्रूषा करणारी माणसं, दोघांचे मिळून १,४०० रुपये रोज, म्हणजे महिन्याला ४२,०००. कॉट आणि ऑक्सिजन मशीनचं भाडं ८,०००. औषधं आणि नर्सच्या फेऱ्या १५,०००. एकूण ६५,०००. सहा महिने धरले तरी ३ लाख ९० हजार. एवढं एफडीतून निघतं आणि पाच लाख उरतात. आधी दोन लाखांची पावती मोडा, मग तीनची, चारची शेवटी. आणि इथे कंजुषी नको. हवेची गादी, रात्रीचा माणूस, वेदनेवर नीट औषध, यात पैसे वाचवायला जाऊ नका. घरी ठेवणं म्हणजे स्वस्तात उरकणं, अशी भावाची समजूत झाली असेल तर हा तक्ता त्याला पाठवा.

घरी ठेवलं म्हणजे हॉस्पिटलची पायरी चढायचीच नाही, असंही नाही. या आजारात कावीळ वाढली तर पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकून आराम पडू शकतो. त्यासाठी दाखल करावं लागलं तर सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्या सरकारी योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. घरच्या ब्रदरचे पैसे मात्र त्यातून मिळत नाहीत. आणि भावाला पुणेच हवं असेल, तर वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारं केंद्र, बघायला सांगा. १९९७ पासून तिथे कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते, घरचं माणूस सोबत राहू शकतं.

यापुढचं काम याच आठवड्यातलं. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती ‘एकट्याच्या नावावर’ ही गोष्ट. बाबा बेशुद्ध झाले की एफडी हातात असून नसल्यासारखी. मुखत्यारपत्र करून ठेवू असं बरेच जण म्हणतात, पण ज्याने ते दिलं त्याचं भानच हरपलं की तेही निकामी होतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणून आजच आईचं नाव खात्याला आणि एफडीला ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) म्हणून लावा, आणि मुदतीआधी मोडण्याची संमतीही बँकेला लेखी द्या. सही जमत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, आणि आजारी ज्येष्ठांसाठी बँकेने घरी माणूस पाठवणं अपेक्षित आहे. स्कीममध्ये आई एकमेव नॉमिनी आहे ना, ते तपासा. तसं असेल तर बाबांमागे ती खातं तसंच पुढे चालवू शकते.

त्याच दिवशी बाबांची इच्छा कागदावर आणा. शुद्धीतल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच, त्यामुळे आज घरी राहायला कोणाची परवानगी लागत नाही. कागद लागतो तो पुढे, बोलता येईनासं झाल्यावर. अशा कागदाला, म्हणजे लिव्हिंग विलला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. निर्णय कोणी कळवायचा त्यांची नावं लिहा, भावाचंही लिहा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिकेला. बाबा शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या, फ्लॅटच्या मृत्युपत्रालाही तोच उपयोगी पडेल.

भावाबद्दल राग धरू नका. लांब असलेल्या लेकाचा जीव जास्त कासावीस होतो, आणि त्याला पाठवता येतात ते पैसेच. ब्रदरचे दरमहा ४२,००० त्याच्याकडे द्या. मग त्यालाही रोज रात्री विचारायला काही राहील, आज जेवले का, झोपले का. वडिलांना पाठवलेल्या पैशावर इथे कर लागत नाही.

राहिला तो खर्च, जो तुम्ही लिहिलाच नाही. दोन महिने तुम्ही बिनपगारी रजेवर आहात, ३८,००० दरमहा बुडताहेत. हाही बाबांच्या आजारपणाचाच खर्च आहे आणि तो एफडीतून निघायला हवा. मुलीने केलं तर ते प्रेम आणि ब्युरोने केलं तर बिल, हा हिशेब मला पटत नाही. राजीनामा तर अजिबात देऊ नका. रात्रीचा ब्रदर ठेवा आणि कामावर अर्धवेळ तरी परत जा. तुमच्या बुडालेल्या पगाराचा आकडा बाबांसमोर, आईसमोर, भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन आत्ताच ठरवा आणि ईमेलवर त्याची संमती घ्या. नंतर वाटणीच्या वेळी हा विषय तुम्हाला काढावासा वाटणार नाही.